सांगलीत कोरियन हॉटेल काढायचंय? आधी त्यांचं एकच भांडं नीट बघा



गेल्या चार महिन्यांत माझ्याकडे सात जण एकच प्लॅन घेऊन आले. दोघं कराडचे, एक वाईची, बाकी सांगली-मिरजेचे. सगळ्यांचं वाक्य तेच, "ताई, कोरियन कॅफे काढायचाय." व्हिडिओत मी दोन मिनिटांत "घाई करू नका" म्हणून विषय संपवला, आणि त्यावर बरेच जण नाराज झाले. ताईंना नवीन काही नको असतं, असंही एकानं म्हटलं. म्हणून आज सविस्तर लिहिते. चहा घेऊन बसा, जरा लांबेल.

या सातांपैकी मिरजेच्या एका मुलीचं उदाहरण घेते. तिची परवानगी आहे, नाव देत नाही. वय २६, बीकॉम, तीन वर्षं एका ऑफिसात अकाउंट्स बघितले. हुशार आहे, हिशोबाला पक्की आहे. तिचा प्लॅन असा होता: विश्रामबागला गाळा, भाडं २८ हजार, फ्रँचायझी फी साडेतीन लाख, इंटीरिअर आणि किचन मिळून साडेसात लाख. एकूण ११ लाख. त्यातले ५ लाख घरातले, म्हणजे वडिलांची शिल्लक आणि आईच्या बांगड्या गहाण ठेवून. उरलेले ६ लाख कर्ज, पाच वर्षांचं. फ्रँचायझीवाल्याला २१ हजार टोकन आधीच दिलेले, परत न मिळणारे.

मेनू बघितला. ६४ पदार्थ! रामेन, कॉर्न डॉग, चीज बन, बिबिंबाप, वर सुशी आणि बोबा चहा. सुशी जपानची आणि बोबा तैवानचा, पण ते सोडा. मी तिला एवढंच विचारलं, "तू कोरियन हॉटेलात कधी जेवलीयस का?"

"नाही ताई. पण सिरीज सगळ्या बघितल्यात."

मग म्हटलं, चल. मंगळवारी दुकान भावजयीवर सोडलं. ती पहाटेच्या एसटीनं साताऱ्यात आली, तिथून दोघी स्वारगेटला उतरलो आणि रिक्षा करून पुण्यातल्या एका साध्या कोरियन हॉटेलात गेलो. झगमगाट काही नाही. लाकडी टेबलं, स्टीलचे चमचे, भिंतीवर एक कॅलेंडर. मुद्दाम मंगळवार निवडला होता, कारण रविवारी कुठलंही हॉटेल चालतं. धंदा बघायचा तर मंगळवारी दुपारी बघावा.

तिथं आम्ही मागवलं सुंदुबू जिगे. सुंदुबू म्हणजे न दाबलेला, मऊ टोफू, आणि जिगे म्हणजे रस्सा. पनीर जसं आपण फडक्यात बांधून वजन ठेवून घट्ट करतो तसा टोफूही घट्ट करतात, पण हा तसा केलेला नसतो. चमच्यानं घेतला तर खरवसासारखा थरथरतो, फक्त गोड नाही. लालभडक रस्सा, त्यात हा टोफू, मशरूम किंवा शिंपल्या किंवा मांस, जे सांगाल ते. येतो तो काळ्या मातीच्या जाड भांड्यात आणि टेबलावर ठेवल्यावरही खदखदत असतो. त्यात कच्चं अंडं फोडायचं, ते आपल्या डोळ्यांसमोर शिजतं. सोबत भात. आणि आजूबाजूला सहा छोट्या वाट्या: किमची, गोडसर बटाटा, तिळाच्या तेलातला पालक, मोड आलेल्या सोयाबीनची कोशिंबीर, काकडी, आणखी एक. या वाट्यांना बांचान म्हणतात. त्यांचे पैसे वेगळे नाहीत, संपल्या की परत भरून देतात.

मुलगी फोटो काढत होती. मी घड्याळ बघत होते. ऑर्डर दिल्यापासून भांडं टेबलावर यायला ९ मिनिटं.

मेनू एका पानाचा होता. त्यावर सुंदुबूचे सात प्रकार, पण नीट बघितलं तर प्रकार एकच. रस्सा तोच, टोफू तोच, मसाला तोच, फक्त वर काय घालायचं ते बदलतं. तिखट किती, हे गिऱ्हाईक सांगतं: अजिबात नको, कमी, मध्यम, जास्त. म्हणजे कागदावर सात गुणिले चार, अठ्ठावीस पर्याय दिसतात आणि आत किचनमध्ये एकच काम चाललेलं असतं. दारातून किचन दिसत होतं. बर्नरची एक रांग, प्रत्येकावर एक भांडं. आता तुम्हीच हिशोब करा. सहा बर्नर, एका भांड्याला आठ मिनिटं, तर तासाला ४५ भांडी निघतात. त्यासाठी फार मोठा उस्ताद लागत नाही. सकाळी रस्सा आणि मसाला ज्यानं केला तो खरा स्वयंपाकी, दुपारी नुसतं जुळवायचं असतं.

तुमच्या ६४ पदार्थांच्या मेनूत काय होतं? चार जणांचं टेबल चार वेगळे पदार्थ मागवतं, कढईवर माणूस एकच, पहिल्याचं खाऊन होतं तेव्हा चौथ्याचं यायचं असतं.

आणखी एक गोष्ट मी तिला हळूच दाखवली. त्या दुपारी भरलेल्या टेबलांपैकी निम्म्यांवर कोरियन माणसं होती. कंपनीचे शर्ट घातलेली, काही तर एकेकटी. फोटो कुणी काढत नव्हतं. खाली मान घालून जेवत होती, आपल्याकडे खानावळीत बँकेतली माणसं जेवतात तशी. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २०२३ मध्ये करार करून ह्युंदाईनं घेतला. या आणि अशा कंपन्यांमुळे पुण्याच्या आसपास कोरियन इंजिनिअर आणि त्यांची कुटुंबं राहतात. त्यांना मंगळवारी दुपारी घरच्यासारखं जेवण लागतं. हॉटेल त्या भुकेवर उभं आहे. आपल्यासारखी हौशी मंडळी येतात ती वरची कमाई.

बिल झालं १,१३४ रुपये, जीएसटी धरून. एक भांडं ५२०, एक ५६०. मुलगी म्हणाली, "ताई, आपण २४९ ला दिलं तर उड्या पडतील." या २४९ वर मी पुढे येते.

त्याआधी अमेरिकेतली एक गोष्ट. लॉस एंजेलिसमध्ये कोरियन लोकांची मोठी वस्ती आहे, तिला कोरियाटाउनच म्हणतात. तिथं १९९६ मध्ये ली ही-सूक नावाच्या बाईंनी याच टोफूच्या रश्श्याचं हॉटेल काढलं. नाव बीसीडी टोफू हाउस. बीसीडी म्हणजे बुकचांगदोंग, सोल शहरातला एक भाग. हॉटेल चोवीस तास उघडं ठेवलं. मुख्य पदार्थ हाच, तिखटाचं प्रमाण गिऱ्हाइकानं ठरवायचं. रात्रपाळी करणारे, उशिरा सुटणारे, पार्टीहून येणारे, सगळ्यांना पहाटे तीनला गरम भांडं मिळायचं. पुढे अमेरिकेत त्यांची डझनभर हॉटेलं झाली, कोरियन नसलेली माणसंही रांगा लावायला लागली. २०२० मध्ये त्या वारल्या, तेव्हा मोठ्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर लेख लिहिले. रश्शाच्या एका भांड्यावर!

ही गोष्ट मी वर्गात सांगितली की मुलं म्हणतात, बघा, कोरियन खाणं किती चालतं. मला त्यात वेगळंच दिसतं. बाईंनी सुरुवात केली ती जिथं तो पदार्थ आठवून रडणारी माणसं आधीच राहत होती तिथं. आणि मेनू आवळून धरला.

आता हे सगळं तुम्हाला परकं वाटत असेल तर आपल्याच रस्त्यावर या. कराडहून इस्लामपूरकडे, म्हणजे आताच्या ईश्वरपूरकडे जाताना अख्खा मसूरचे बोर्ड किती लागतात ते मोजा कधीतरी. अख्खा मसूर, रोटी, कांदा, लिंबू. हे आपलं सुंदुबू हाउसच आहे की! कडधान्याचा घट्ट रस्सा, एकच पातेलं, तिखटाचं ज्याच्या त्याच्या मर्जीनं, कांदा मागाल तेवढा. ड्रायव्हर थांबतो, एमआर थांबतो, लग्नाहून परतणारी गाडी थांबते. आपल्याला हे ढाबे दिसत नाहीत, कारण ते रोजचे आहेत. कोरियातून आलं की त्याला कॉन्सेप्ट म्हणायचं, इस्लामपुरातून आलं की ढाबा.

माझ्या माहेरी, सांगलीत, पाहुणे आले की आबा अजूनही म्हणतात, "चला, मसूर खाऊन येऊ." आठवड्यातून एकदा तरी होतंच. हा "आठवड्यातून एकदा" नीट लक्षात ठेवा, सगळा हिशोब त्याच्यावर आहे.

परत येताना एसटीत आम्ही वही काढली. सांगलीत एक भांडं करायला काय लागेल? टोफूचं सोयाबीन चार रुपये. हो, चारच. एका भांड्यात २०० ग्रॅम मऊ टोफू धरला तर त्याला ६०-७० ग्रॅम सोयाबीन पुरतं, बाकी पाणी. अंडं सात, गॅस आठ, तेल-मिरची-लसूण-कांदा बारा, मशरूम आणि भाजी अठरा, भात दहा, चार छोट्या वाट्या बावीस, धुणं आणि नासधूस आठ. झाले ८९. विकायचं २४९ ला, म्हणजे हातात १६० उरतात. कागदावर छान दिसतं.

आता महिन्याचा खर्च. भाडं २८ हजार, दोन माणसं ३० हजार, लाइट ९ हजार, कर्जाचा हप्ता १३ हजार, किरकोळ ५ हजार. एकूण ८५ हजार. तिनं स्वतःचा पगार धरलाच नव्हता. हे आपल्याकडे सगळेच करतात, मीही केलंय. २५ हजार धर म्हटलं. मग झाले १ लाख १० हजार. भागिले १६०, म्हणजे महिन्याला साधारण ६८८ भांडी. २६ दिवस धरले तर रोज २७.

"एवढंच? रोज २७ तर सहज होतील ताई," ती म्हणाली.

मी म्हटलं, कुणाला? तू स्वतः २४९ रुपयांचा टोफूचा रस्सा कितीदा खाशील? तिनं प्रामाणिकपणे सांगितलं, तीन महिन्यांतून एकदा. ठीक आहे. तीन महिन्यांत कामाचे दिवस ७८. रोज २७ प्रमाणे २,१०६ भांडी. गिऱ्हाईक तीन महिन्यांतून एकदाच येत असेल तर तुला २,१०० वेगवेगळी माणसं पाहिजेत, आणि ती सगळी दर तीन महिन्यांनी न चुकता परत आली पाहिजेत. तेच गिऱ्हाईक आठवड्याला एकदा येणारं असेल तर? सहा दिवस गुणिले २७, म्हणजे १६२ माणसं. मसुरात मार्जिन कमी सुटतं म्हणून दुप्पट ताटं धर, तरी सव्वातीनशे. सव्वातीनशे माणसं सांगलीत एका चौकात मिळतात. टोफूच्या रश्श्याची २,१०० माणसं शोधायला तुला मिरज, सांगली, कुपवाड आणि वर जयसिंगपूरही लागेल.

यानंतर कराड येईपर्यंत ती काही बोलली नाही. (हो, मी साताऱ्याला उतरायचं सोडून तिच्याबरोबर पुढं गेले. दुसऱ्या दिवशी सांगलीत आबांकडे जायचंच होतं.)

कुतूहलाचं गिऱ्हाईक वाईट नसतं. पण ते पहिल्या महिन्यात सगळं येऊन जातं आणि तुम्हाला वाटतं धंदा लागला. मला वाटलं होतं. २०१८ मध्ये साताऱ्यात कॉलेजच्या रस्त्याला मी आणि एका मैत्रिणीनं कॅफे काढला होता, हे जुन्या मंडळींना माहीत आहे. ५८ पदार्थ. पहिले सात आठवडे बसायला जागा नव्हती. आम्ही लगेच दुसरा फ्रीज घेतला, हप्त्यावर. परीक्षा लागल्या, मग सुट्ट्या, मग पावसाळा. चौदाव्या महिन्यात शटर ओढलं, ४ लाख ६० हजार गेले आणि मैत्रिणीशी बोलणं दोन वर्षं बंद होतं. बीबीएला मी ब्रेक-इव्हनचं गणित पैकीच्या पैकी सोडवलेलं होतं, हे विशेष. गणितात गिऱ्हाईक परत कधी येणार हा रकानाच नव्हता.

त्यानंतर मी पॅकिंग मटेरियलचं दुकान काढलं. त्या दुकानातून मला हॉटेलांचं जे दिसतं ते तुम्हाला सांगते, कारण कोरियनवाल्यांना ते कुणी सांगत नाही. सातापैकी सहा जण म्हणाले की डिलिव्हरीवर भर देणार. आता हा पदार्थ डोळ्यांपुढे आणा. खदखदणारं मातीचं भांडं, समोर शिजणारं अंडं. यातलं अर्धं मोल त्या खदखदण्याचं आहे. ते तुम्ही माझ्याकडच्या ५०० मिलीच्या प्लास्टिकच्या डब्यात भरणार, वर फिल्म लावणार, पंचवीस मिनिटांनी विश्रामबागहून कुपवाडला पोचवणार. टोफू फुटलेला, रस्सा कोमट, अंड्याचा तर प्रश्नच नाही. घरी झाकण उघडणाऱ्याला दिसणार काय, लाल पाण्यात पांढरा चुरा. डबे विकून मला दोन पैसे मिळतील, पण हा पदार्थ डब्याचा नाही. मसूर डब्यात मस्त जातो. उलट मुरतो.

दुसरं, आणि हे जास्त गंभीर. तो रस्सा पुष्कळदा सुकवलेल्या माशांच्या पाण्यात करतात. वर टोफू आणि मशरूम दिसतं म्हणून तो शाकाहारी होत नाही. किमचीतही बऱ्याचदा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस असतो. मी त्या दिवशी विचारलं म्हणून वेगळा, समुद्री शेवाळाच्या पाण्यातला रस्सा मिळाला. आता सांगली-मिरज डोळ्यांपुढे आणा. जैन घरं किती, लिंगायत घरं किती, मंगळवार-गुरुवार पाळणारे किती. टोफूची भाजी म्हणून एखाद्या आजींना माशाचं पाणी वाढलंत तर दुकानाचं नाव एका संध्याकाळी गल्लीभर होईल, आणि ते चांगलं नाव नसेल. दोन पाणी, दोन पळ्या, दोन किमच्या ठेवायच्या, नाहीतर सगळंच शाकाहारी करायचं. मला विचाराल तर आपल्या पट्ट्यात दुसरा मार्ग बरा. फ्रँचायझीवाल्याच्या माहितीपत्रकात यावर एक ओळ नव्हती.

तिसरी गोष्ट टोफूची. सुपरमार्केटात जो पाकिटातला टोफू मिळतो तो घट्ट असतो, तो भुर्जीला चालेल, याला नाही. मऊ टोफू रोज करावा लागतो. सोयाबीन रात्रभर भिजत घालायचं, सकाळी वाटायचं, उकळायचं, गाळायचं, मग दूध फाडायचं. उकळण्यात घाई केली तर कच्चट वास राहतो आणि पोटालाही त्रास होतो, दहा मिनिटं तरी नीट उकळू द्या. फाडायला लिंबू घातलं तर आंबूस लागतो. कोरियात पूर्वेच्या किनाऱ्यावर गांगनंग म्हणून शहर आहे, तिथल्या चोदांग भागात समुद्राच्या पाण्यानं टोफू धरतात, त्या पाण्यातल्या क्षारांनी दूध फाटतं. आपला समुद्र घाटाखाली, म्हणून आपल्याला खाण्याच्या दर्जाचं मॅग्नेशियम क्लोराइड किंवा कॅल्शियम सल्फेट विकत आणावं लागेल, दोन्ही मिळतात. पण हे सगळं पहाटे उठून करणारा माणूस कोण? तुम्ही स्वतः असाल तर बोलू. "माणूस ठेवू" म्हणत असाल तर नको.

आता तुम्ही म्हणाल, ताई, मग नवीन काही करायचंच नाही का? असं मी कुठं म्हणते? कॉलेजच्या गॅदरिंगला, यात्रेत, नाताळच्या आठवड्यात ५०-६० हजारांत कॉर्न डॉगचा स्टॉल लावा, सहा महिन्यांत पैसे काढा आणि बंद करा. माझ्याच एका विद्यार्थ्यानं केलंय, आता तो त्याच गाडीवर दुसरं काहीतरी विकतो. फॅशन आठ महिन्यांची असेल तर पैसा आठ महिन्यांत सुटेल एवढाच घाला. पाच वर्षांचं कर्ज काढून आठ महिन्यांची फॅशन चालवायची, आणि त्यासाठी आईच्या बांगड्या बँकेत ठेवायच्या, याला माझा विरोध आहे. फ्रँचायझीवाल्याचे साडेतीन लाख पहिल्याच दिवशी सुटतात. तुमचे कधी सुटणार हे त्याला विचारा, तो इन्स्टाग्राम दाखवेल.

माझं मत असं की कोरियन पदार्थ नका उचलू, त्या हॉटेलाची रचना उचला. एक पातेलं. तिखट गिऱ्हाइकानं ठरवायचं. सोबतच्या चार वाट्या मोसमी आणि स्वस्त भाज्यांच्या, पण परत परत वाढायच्या. खरं सांगते, त्या सहा वाट्यांमुळे आम्हाला ५२० रुपये महाग वाटले नाहीत, आणि त्यातल्या बटाट्याला कितीसा खर्च येतो? आपल्याकडे ढाब्यावर दुसरा कांदा मागितला की वेटरचं तोंड बघावं लागतं. तोच कांदा, खर्डा, मोड आलेल्या मटकीची कोशिंबीर, लोणच्याची फोड, चार छोट्या वाट्यांत न मागता समोर आली तर तेच ताट वीस-तीस रुपयांनी चढं विकता येतं. आणि भांडं गरम येऊ द्या. जाड बिडाची छोटी कढई घ्या, कोल्हापूरला ओतकाम करणारे एवढे कारखाने आहेत, थेट चौकशी करा. मसूर खदखदत टेबलावर आला तर कुणाचा फोन खिशात राहील सांगा.

टोफू मात्र मी अगदी सोडून देत नाहीये. कारण तो आपल्या शेतातला आहे. सातारा-सांगलीत खरिपाला सोयाबीन किती होतं ते मी सांगायला नको. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, आणि बाजारात त्याच्या खाली भाव उतरला की घरात काय वातावरण असतं हेही ज्यांच्या घरी पोती पडून राहिलीत त्यांना माहीत आहे. एक किलो सोयाबीनपासून दीड ते दोन किलो घट्ट टोफू निघतो. हा पदार्थ हॉटेलात नाही, दूध-दह्याच्या फ्रीजमध्ये विकायचा आहे असं समजून बघा. अन्नप्रक्रियेसाठी केंद्राची पीएमएफएमई योजना २०२० मध्ये आली, त्यात यंत्रांवर ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान ठरलेलं आहे. सध्या अर्ज घेतायत का, हे जिल्हा कृषी अधीक्षकांच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, एजंटला पैसे देऊ नका.

मिरजेच्या मुलीचं पुढं काय झालं, ते सांगते. मी तिला फक्त एक काम दिलं होतं. गाळा घ्यायच्या आधी घरून दोन रविवार १८-१८ भांडी कर, सोसायटीच्या ग्रुपवर टाक, १५० रुपये घे, आणि लोकांना घरी येऊन जेवायला सांग, डबा नाही. तिनं केलं. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची एकत्र कुटून मसाला केला, परदेशी पूड आणली नाही. रंग फक्कड आला म्हणे. पहिल्या रविवारी अठराच्या अठरा गेली. दुसऱ्या रविवारी अकरा, आणि त्यात परत आलेली माणसं तीन.

ती फोनवर जरा खचलेली होती. मी म्हटलं, अकरा हा आकडा तुला ३,३०० रुपयांत कळला, गाळा घेऊन कळला असता तर ११ लाखांत कळला असता. त्यावर ती म्हणाली, "ते पटलं ताई. पण टोकनचे २१ हजार गेलेच की." गेलेच. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. बांगड्या मात्र अजून आईच्या हातात आहेत.

बाकी दोन गोष्टी घडल्या. जिमला जाणारी तीन पोरं रस्सा नको, नुसता टोफू द्या म्हणून मागायला लागली, आठवड्याला चार किलो जातोय. आणि टोफू गाळल्यावर जो चोथा उरतो तो ती फेकून देत होती. शेजारच्या गोठेवाल्या मामांनी एकदा तो म्हशींना घातला. आता ते रोज सकाळी बादली घेऊन दारात उभे असतात आणि विचारतात, "आज न्हाय केला व्हय?"